पोहे उत्तम

गुंडू चौगुल्यानं आयुष्यात कुणाचं घर मोडलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा. ज्यांची मोडली ती माणसं उलट सांगायला त्याच्यासमोर येत नव्हती, म्हणून ते खपून जायचं.

तीस वर्षं त्यानं कोल्हापुरात दलाली केली. घरांची केली आणि लग्नांचीही केली. डायरी एकच, पुढून घरं, मागून स्थळं. दोन्ही याद्या मधे एकमेकींना भेटल्या की तो नवी डायरी आणायचा. धंद्याचं मर्म एवढंच, की पत्ता आपल्या खिशात ठेवायचा. गिऱ्हाईकाला घर दाखवायला तो सरळ रस्त्यानं कधी न्यायचा नाही. एका बोळातून आत, दुसऱ्या बोळातून बाहेर, मधे कुणाच्या तरी परसातून, असं फिरवून फिरवून न्यायचा, म्हणजे त्या माणसाला पुन्हा एकट्यानं यायचं म्हटलं तरी घर सापडू नये. घरमालक आणि गिऱ्हाईक यांची गाठ गुंडूशिवाय पडता कामा नये, एवढं सांभाळलं की बाकी पोटापाण्याचं आपोआप सांभाळलं जायचं.

मग इंटरनेट आलं. आधी डायरीची मागची बाजू गेली. पोरांचे आईबाप स्थळं मोबाइलवर बघायला लागले. पुढची बाजू त्यानंतर चार-पाच वर्षांनी सम्राटनं नेली. हा सम्राट गुंडूच्याच हाताखाली धंदा शिकलेला. त्यानं राजारामपुरीत काचेचं ऑफिस थाटलं, घरं विकायचं स्वतःचं ॲप काढलं आणि चोपन्न वर्षांच्या गुंडूला ‘फील्ड एजंट’ म्हणून ठेवून घेतलं. उपकारच केला म्हणायचा. “तात्या, तुमची ओळख लई मोठी हाय. पर ओळखीचा फोटो निघत न्हाय,” असं तो सगळ्या ऑफिसदेखत म्हणाला. सगळे हसले आणि त्यांच्यात गुंडूही हसला.

ॲपचे नियम कडक होते. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ पाहिजे आणि व्हिडिओत माणूस दिसता कामा नये. महिन्याला तीन तरी गिऱ्हाइकांनी येऊन घर बघितलं पाहिजे. त्याला व्हिजिट म्हणायचं. व्हिजिट झाल्या नाहीत तर घर यादीत खाली जातं आणि घराबरोबर एजंटही खाली जातो. बघून झालं की गिऱ्हाईक पाचापैकी तारे देतं आणि खाली शेरा लिहितं. सलग तीन महिने तळाला राहिलेल्या एजंटाला नारळ. गुंडू दोन महिने तळाला होता.

तेवढ्यात पुण्याहून पृथ्वीराज इंगवल्याचा फोन आला. त्याला मंगळवार पेठेतलं घर विकायचं होतं. घरात राहत होती त्याची आई चिमणाबाई आणि थोरली बहीण क्रांती. बाप गेल्यावर दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या आणि घर एकट्या पृथ्वीराजच्या नावावर झालं होतं. त्या दिवशी कचेरीत पेन मिळेना, तेव्हा क्रांतीनंच आपल्या पर्समधलं काढून दिलं होतं. वाटणी मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. न मागणाऱ्या बहिणीचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

“आईला आत्ताच काही बोलायचं नाही,” पृथ्वीराज म्हणाला. “व्यवहार पक्का झाला की मी येऊन सांगेन. तिला मी इकडंच आणणार आहे.”

“आन क्रांतीताई?”

“ताईचं बघू काहीतरी.”

“पर साहेब, घर बघायला माणसं येणार. तवा आईसायबास्नी काय सांगायचं?”

“ते तुमचं काम, काका.”

गुंडूला युक्ती सुचायला वेळ लागला नाही. माणूस उपाशी असला की त्याला युक्त्या फार लवकर सुचतात, आणि त्यातल्या निम्म्या नीच असतात. क्रांती छत्तीस वर्षांची होती. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं नऊ वर्षं तिनं सगळं केलं आणि लग्नाचं वय त्यातच गेलं. गुंडूच्या दोन डायऱ्यांमागच्या डायरीत, मागच्या पानांवर तिचं नावही होतं. घर बघायला आलेल्या अनोळखी माणसांना चिमणाबाई दारातूनच हाकलून देईल. पण पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांना ती घराची एकूण एक खोली आपल्या हातानं उघडून दाखवेल. कोल्हापुरातच काय, कुठल्याही आईला विचारा.

त्यानं पृथ्वीराजला हे सांगितलं.

“मला त्यातलं काही सांगू नका,” पृथ्वीराज म्हणाला. “कसं जमतंय बघा. ताईलाही तेवढंच बरं वाटेल.”

हे शेवटचं वाक्य सख्ख्या भावाचं आहे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी गुंडू मंगळवार पेठेत जाऊन बसला. चिमणाबाईनं त्याला ओळखलं आणि तिचे डोळेच भरून आले. ‘स्थळ’ हा शब्द त्या घरात चार वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. क्रांती खिडकीशी फॉल-पिकोच्या मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं नाही.

“काका, आता मला कोण बघतंय?”

“बघणारी हाईत की. काळ बदललाय. पयलं लगीन मोडल्याली, बायकू वारल्याली, चांगली शिकल्याली माणसं हाईत. फकस्त आता समदं ऑनलाइन चालतंय. आदी घराचा व्हिडिओ मागत्यात.”

“माज्या आदी घर बघणार व्हय?”

“आता तशीच पद्धत हाय, बाळ.”

क्रांती हसली. कडवटपणे का होईना, पण हसली, आणि उठली. मशीनवरची चिंध्यांची पिशवी पलंगाखाली सारली, पडदे बदलले, बापाच्या फोटोवरची धूळ पुसली. गुंडू फोन धरून मागं आणि ती पुढं, असे दोघं घरभर फिरले. “तू जरा बाजूला हो,” असं तो प्रत्येक खोलीत म्हणायचा आणि ती प्रत्येक वेळी हसून भिंतीला चिकटायची. व्हिडिओत शेवटी तिचा एक हात तेवढा आला, माजघराची खिडकी उघडताना. सम्राटच्या ऑफिसात तो काढूनही टाकता आला असता, पण हात छान दिसतो म्हणून ठेवला.

पहिले पाहुणे गडहिंग्लजकडचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. गुंडूनं त्यांना तालमीच्या कोपऱ्यावर थांबवून पढवलं. “म्हातारीचं काळीज नाजूक हाय. घर विकायचा विषय आत काढायचा न्हाय. पोहे देतील ते खायाचं, ल्येक घर दाखवंल ते बघायचं, आन ‘कळवतो’ म्हणून उठायचं.” आणि आत येऊन चिमणाबाईच्या कानात सांगितलं, की हे मुलाचे आईवडील, मुलगा कामाला बाहेर असतो, आधी मोठी माणसं बघणार.

क्रांती मोरपंखी साडी नेसून, ट्रे घेऊन बाहेर आली. मास्तरांनी तिच्याकडं एकदाच बघितलं आणि मग छताकडं बराच वेळ बघितलं. बाई उठून सैंपाकघरात गेल्या, फडताळं उघडून बघितली, न्हाणीघरात डोकावल्या, नळ सोडून बघितला. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात कमी पडतं का, सगळं विचारून घेतलं. चिमणाबाईला त्यांचं फार कौतुक वाटलं. “चौकशी करावीच मानसानं,” ती नंतर म्हणाली. “आमच्या येळंला नुसतं कुळ इचारायची आन मग जलमभर पाण्याची बोंब.”

त्या संध्याकाळी ॲपवर तारे पडले. घराला दोन. भेटीच्या अनुभवाला पाच, आणि खाली शेरा, ‘पोहे उत्तम.’

सम्राटनं तो शेरा ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर लावला. “हे बगा, शिका जरा,” तो बाकीच्या एजंटांना म्हणाला. “तात्यांनी घरमालकाला पोहे करायला लावलं. ह्याला म्हणत्यात सर्व्हिस.” एका महिन्यात गुंडू तळावरून यादीत चौथ्या नंबरला गेला. त्याला बरं वाटलं. का वाटू नये. पोहे करणारी दुसरीच होती.

दोन महिन्यांत सहा घराणी येऊन गेली. सहा वेळा क्रांती ती मोरपंखी साडी नेसली आणि सहा वेळा बाहेरच्या खोलीतल्या पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसली. गल्लीतल्या बायकांनी तिसऱ्या वेळेपासून दारात येऊन बघायचं सोडलं आणि पाचव्या वेळेपासून खिडकीतून बघायला लागल्या.

नकार पचवायला ती शिकलेली होती. तिला फक्त कारण पाहिजे असायचं. “खरं सांगा काका, काय म्हणाले? मला राग येत न्हाय,” असं ती प्रत्येक वेळी विचारायची, आणि गुंडूला ऐन वेळी काही सुचायचं नाही. मग तो फोन काढून ॲपवरचा शेरा बघायचा आणि त्यातलंच काहीतरी फिरवून सांगायचा. मास्तरांनी लिहिलं होतं, बांधकाम जुनं आहे. गुंडू म्हणाला, वय जास्त वाटलं त्यांना. क्रांतीनं दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन केस काळे करून घेतले. तिसऱ्या पाहुण्यांनी लिहिलं होतं, गाडी लावायला जागा नाही. गुंडू म्हणाला, मुलीला गाडी चालवता येत नाही म्हणाले, आजकाल सगळ्यांना तशी पाहिजे. क्रांतीनं शेजारणीची स्कूटी मागून घेतली आणि पहाटे गांधी मैदानावर जाऊन शिकायला लागली. एकदा पडली, कोपर सोलून निघालं, तरी दुसऱ्या दिवशी गेली. चिमणाबाईनं हे गुंडूला मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यानं पोह्यांचा बकाणा भरला होता, तो गिळला आणि वर पाणी प्यायला. त्या बाईच्या हाताचं खाऊन त्याचं वजन त्या दोन महिन्यांत वाढलं, हेही खरं आहे.

सातवा आला उदयसिंह. राधानगरीकडचा, तिकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट, बेचाळीस वर्षांचा. बायको चार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. आई धोंडुबाई गुडघ्यांनी बेजार, तिला दवाखान्याजवळ ठेवावं म्हणून कोल्हापुरात घर बघत होता. या वेळी गुंडूला मुलाचे आईवडील, भाऊ, वहिनी असं काही रचावं लागलं नाही. मुलगाही होता आणि मुलाची आईही होती.

धोंडुबाईला पायऱ्या चढवेनात. क्रांती ट्रे तसाच ठेवून बाहेर धावली, तिचा हात खांद्यावर घेतला आणि तिला एकेक पायरी वर आणलं. मग पोहे राहिले बाजूला आणि ती आत जाऊन गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. “आमच्या आप्पांची हाय. आजून गळत न्हाय,” असं म्हणत तिनं ती म्हातारीच्या गुडघ्यावर ठेवली. दोघी मग तेलांविषयी बोलत बसल्या. उदयसिंहनं घर बघितलं, पण भिंती ठोकल्या नाहीत की नळ सोडला नाही. माजघरात बापाचा रिकामा पलंग अजून तसाच होता, तिथं थांबून त्यानं विचारलं, “किती वर्षं?” क्रांती म्हणाली, “नऊ.” तो म्हणाला, “मी बायकोचं अकरा म्हैनं केलं आन थकलो.” एवढंच बोलणं झालं. त्याच्यानंतर क्रांतीची मान खाली राहिली नाही.

निघाल्यावर तालमीच्या कोपऱ्यावर उदयसिंहनं आईला गाडीत बसवलं, दार लावलं आणि गुंडूला जरा बाजूला घेतलं.

“घर बरं हाय,” तो म्हणाला. “एक इचारू का? त्या ताई... त्यांचं कुठं ठरलंय?”

तीस वर्षं हा प्रश्न ऐकायला गुंडू दारोदार हिंडला होता. जुना गुंडू असता तर त्यानं तिथंच उदयसिंहला मिठी मारली असती, घरही बसवलं असतं आणि घरही विकलं असतं. पण आता त्याच्या डोक्यात भराभर पुढचं दिसायला लागलं. हो म्हटलं तर हा परत आत जाणार. म्हातारी म्हणणार, स्थळ म्हणूनच आलता न्हवं? हा म्हणणार, घर बघायला आलो होतो. तिथून आधीच्या सहाही पाहुण्यांचं बिंग एकामागून एक बाहेर पडणार, पृथ्वीराज घर मागं घेणार आणि सम्राट पुन्हा सगळ्यांदेखत हसणार. ॲपवर लग्न जुळवल्याचे तारे कुणी देत नव्हतं.

“ठरलंय की,” गुंडू म्हणाला. “दिवाळी झाली की बार उडणार. म्हणून तर घर काढलंय.”

उदयसिंहनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. “आईला लई आवडल्या त्या.”

असं हे एका वाक्याचं काम. मारणाऱ्याला जोर लागला नाही आणि मरणाऱ्याला कळलं नाही. गुंडू परत आत गेला, उरलेले पोहे खायला. या वेळी क्रांतीनं ‘काय म्हणाले’ असं विचारलं नाही. “त्या मावशींच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायला सांगा. इसरू नका,” एवढंच म्हणाली. आणि गुंडूनंही तिला या वेळी नकार सांगितला नाही. मापं घ्यायला हे गिऱ्हाईक अजून एकदा यायचं होतं, दार उघडं राहायला पाहिजे होतं. “कळवतो म्हणाल्यात,” तो म्हणाला.

व्यवहार फोनवरच जमला. पृथ्वीराजनं दोन दिवस ताणलं आणि तिसऱ्या दिवशी हो म्हटलं. उदयसिंहनं ॲपवरून विसार भरला. येत्या रविवारी येऊन आईला सांगतो, असं पृथ्वीराज म्हणाला. शनिवारी रात्री त्याचा मेसेज आला, की काम निघालंय, काका, तुम्हीच जरा समजावून सांगा, तुमचं ऐकते ती. गुंडूनं मेसेज वाचला आणि सोमवारी सांगू असं ठरवलं. सोमवारी बुधवारवर ढकललं. बुधवारी तो दुसऱ्याच गिऱ्हाईकाला दुसरं घर दाखवायला घेऊन गेला.

एक गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. विसार भरला की ॲप आपण होऊन गिऱ्हाईकाला घराचा पत्ता आणि नकाशा पाठवतं. ज्या पत्त्यासाठी त्यानं तीस वर्षं माणसांना बोळाबोळांतून फिरवलं, तो आता गाडीतली बाईच बोलून सांगते, पुढून डावीकडं वळा. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता चिमणाबाईचा फोन आला.

“गुंडूभाऊ, कुटं हाईस?” ती घाईघाईनं म्हणाली. “पावणं दुसऱ्यांदा आल्यात. राधानगरीचं. साडी, नारळ, पेढं, समदं घिऊन आल्यात. तुज्याबिगर कसं करायचं बाबा? लवकर ये.”

पोरगी बघायला एकदा आलेला पाहुणा बघून जातो. तो दुसऱ्यांदा आला की होकार. नकार द्यायला कुणी पुन्हा पेट्रोल जाळत नाही. आणि आई साडी-नारळ घेऊन आली असेल तर मग विचारायलाच नको. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गुंडूनं गाडीला किक मारली तेव्हा त्याचा पाय दोनदा निसटला.

तो पोचला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. बाहेरची खोली बायकांनी भरली होती. जिनं-जिनं खिडकीतून बघणं चालवलं होतं ती आज आत येऊन बसली होती. क्रांती पाटावर बसली होती. मोरपंखी साडीच्या पदरात धोंडुबाईनं घातलेले तांदूळ, खण, नारळ, त्यावर नवी कोरी साडी. कपाळावर ताजं कुंकू. तिचा चेहरा गुंडूनं कधी असा बघितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला तो बघवला नाही. उदयसिंह कोपऱ्यातल्या खुर्चीवर अवघडून बसला होता. हातात मोजायची टेप होती. एवढ्या बायका कशाला जमल्यात ते त्याला समजत नव्हतं.

चिमणाबाई साखरेची वाटी घेऊन सगळीकडं फिरत होती. तिनं चिमूटभर साखर गुंडूच्या तोंडात घातली. “तुजं उपकार इसरायची न्हाय,” ती म्हणाली. गुंडूनं साखर खाल्ली.

धोंडुबाई क्रांतीच्या तोंडावरून हात फिरवत होती. “आमच्यात रीत हाय,” ती सगळ्या बायकांना सांगत होती. “वास्तू घ्याची म्हंजी आदी त्या घरच्या लेकीची वटी भरायची. लेक नाराज हून गेली तर वास्तू लाभत न्हाय. आन ही तर लगीन हून चालल्याली लेक.” मग तिनं मान वर करून चिमणाबाईला विचारलं, “जावई कुठल्या गावचं? काय करत्यात?”

चिमणाबाई हसली. तिला वाटलं, विहीणबाई थट्टेखोर आहे.

“जावई हितंच बसल्यात की,” ती म्हणाली आणि तिनं उदयसिंहकडं बोट केलं.

बायकाही हसल्या. मग ज्या पुढं बसल्या होत्या त्यांचं हसणं थांबलं, नंतर मागच्यांचं. उदयसिंह उठून उभा राहिला होता आणि त्याचं सगळं रक्त तोंडावर आलं होतं.

“चौगुले,” तो म्हणाला, “तुमी तर म्हणालासा, दिवाळीनंतर ताईंचं लगीन हाय.”

“कुणाचं लगीन?” क्रांतीनं विचारलं.

“तुमचं.”

ती पदर सावरून, ओटी सांभाळत हळूहळू उठली. “त्या दिवशी तुमी कशाला आलतासा?” तिनं विचारलं.

“घर बघायला. घर घेतलंय आमी. विसार दिलाय तुमच्या भावाला. तुमास्नी म्हाईत न्हाय?”

“कुठलं घर?” चिमणाबाईनं विचारलं. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोखाली उभी राहून ती हे विचारत होती. मग ती पलंगावर बसली. साखरेची वाटी तिनं मांडीवर धरून ठेवली.

“आदीची सहा जणं?” क्रांती गुंडूला म्हणाली.

गुंडू जमिनीकडं बघत होता. तेवढ्यानं तिला कळलं. ती हुशार होती, हे मी मघाशीच सांगायला पाहिजे होतं. नुसती आशा लागली होती, म्हणून इतके दिवस उपयोग झाला नव्हता. बायका एकेक करून उठल्या. दारात चपला हुडकायची घाई झाली. दुपारपर्यंत पेठभर होणार होतं, ते तिथंच त्यांच्या पाठीवर दिसत होतं.

“मी इचारलं हुतं,” उदयसिंह एकदम म्हणाला. “त्याच दिवशी. तुमचं ठरलंय का म्हणून ह्यास्नी इचारलं हुतं.”

“कुणासाठी?”

“माज्यासाठी.”

क्रांती गुंडूकडं वळली. तिनं शिवी दिली असती, तोंडात मारली असती, तरी त्याला चाललं असतं. त्याची त्यानं तयारी केली होती. “म्हंजी एकानं इचारलं हुतं,” ती म्हणाली, आणि तेवढंच म्हणाली.

धोंडुबाईनं तिचा हात धरला. म्हातारी रडायलाच आली होती. “पोरी, आजून बी काय बिघडल्यालं न्हाय. आमी हाय की.”

“बिघडलं, मावशी,” क्रांती म्हणाली. “आता व्हय म्हटलं तर घर सोडायला नगो म्हणून व्हय म्हणाली असं हुईल. तुमी न्हाय म्हणणार तसं. पर रोज सकाळी उठून मला तसं वाटंल.”

धोंडुबाईचा हात तिनं सोडवला, हळूच, गुडघ्याची काळजी घेऊन तिला खुर्चीवर बसवलं. ओटी आत देवाजवळ ठेवून आली. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. ती उदयसिंहसमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

“टेप आणलीसा न्हवं? द्या हिकडं एक टोक. आलासा तर मोजून जावा.”

“ऱ्हाऊ द्या, ताई. मला हे घर नगो.”

“तुमी न्हाय घेतलं तर हे दुसऱ्यास्नी आणतील,” ती म्हणाली. “परत पोहं करायची माजी तयारी न्हाय.”

त्यानं टेपचं टोक तिच्या हातात दिलं. ती भिंतीपाशी जाऊन खाली बसली आणि तिनं टोक कोपऱ्यात घट्ट दाबून धरलं. “काका, तुमी लिवून घ्या,” ती मागं न बघता म्हणाली. गुंडूनं फोन काढला. पत्र्याची पट्टी फरशीवरून सरकत पलंगापर्यंत गेली आणि तिथं अडली. पलंगावर चिमणाबाई मांडीवर साखर घेऊन बसली होती, आणि तिचे पाय खाली फरशीवर होते.

“आई, पाय उचल,” क्रांती म्हणाली.

चिमणाबाईनं पाय उचलले.